साडेचार महिने यादीत

माझा जन्म शाहपुरचा. बाबांची केळीची बाग, आई घरात पण आणि बागेत पण, मी मोठी आणि माझ्यामागं एक भाऊ, असं आमचं घर, आणि शाहपुरात कोणतंही दार वाजवा, आत असंच घर निघतं, वेगळं काही नाही. वेगळी होती ती आत्या. बाबांची मोठी बहीण, सुलोचना, बुऱ्हाणपुरात पोरींच्या शाळेत खेळाची टीचर. लग्न नाही केलं तिनं. का नाही केलं ते मला माहीत नाही, तिला असं विचारायची आमच्या घरात कोणाची हिंमतच नव्हती. खोखोच्या मॅचमध्ये शिट्टी आत्याच्या हातात असली की तिच्याच शाळेच्या पोरी घाबरायच्या, कारण चूक झाली तर आत्या आधी आपल्या शाळेवर शिट्टी वाजवायची, मग दुसरीवर. अख्ख्या जिल्ह्यात नाव होतं तिचं यासाठी. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचं जे सांगणार आहे ते यावाचून तुम्हाला समजणार नाही.

नऊ वर्षांची होती मी, तेव्हा आत्या मला शहरात घेऊन आली. शिकायला म्हणून आणली. तापीवरच्या राजघाटाच्या वरच्या अंगाला तिची दोन खोल्यांची जागा, तिथं मी आणि ती. पहाटे उठवायची आणि क्लबात न्यायची. आता क्लब म्हणजे काय, साहेब लोकांचा क्लब, पत्ते खेळायची खोली आणि मागं एक टेनिसचं कोर्ट, सिमेंटचं. संध्याकाळी साहेब लोक खेळायचे, सकाळी रिकामं पडलेलं. आत्यानं ग्वाल्हेरला खेळाचा कोर्स केलेला, तिथं टेनिस शिकलेली, आणि बुऱ्हाणपुरात बाईमाणसात ते येणारी ती एकटीच. ती सरळ गेली आणि म्हणाली, सकाळी कोर्ट आम्हाला द्या, झाडून आम्ही ठेवू. दिलं त्यांनी. मग काय, रोज आधी झाडू. कडुलिंबाचं मोठं झाड होतं कोर्टाच्या कडेला, त्याचा पाला, ते सगळं मी झाडायची आणि मग रॅकेट हातात. आत्याचीच जुनी रॅकेट होती, मूठ एवढी जाड की माझी बोटं पुरायची नाहीत, आत्यानं सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती तिच्यावर.

काय सांगू तुम्हाला, मला टेनिस आवडलं वगैरे असं काही नाही झालं सुरुवातीला. मला आत्या आवडायची. ती दुसऱ्या बाजूला उभी असायची आणि मी मारलेला बॉल ती परत पाठवायची, बस, एवढंच. बोलणं कमी. आत्या बोलतच नाही फार. चांगला बॉल गेला तरी हं, वाईट गेला तरी हं. त्या दोन हं मधला फरक ओळखायला मला दोन वर्षं लागली.

मग जिल्हा झाला, राज्य झालं. बुऱ्हाणपुरात माझ्याशी खेळायला दुसरी पोरगीच नव्हती, म्हणून शनिवारी बसनं इंदूरला जायचं, रविवारी संध्याकाळी परत. बाबा म्हणायचे, ताई, हे कायले एवढं? पोरीले नोकरी लागीन का याच्यावर? आत्या म्हणायची, तू केळी लावतो तेव्हा विचारतो का, की ह्याच्यानं काय होईन? बाबा नुसते हसायचे. बाबांनी मला कधी अडवलं नाही, हे खरं. खर्चाचं मी सांगत बसत नाही, रॅकेटा, बूट, रेल्वे, ते तुम्हाला समजतंच, आत्याचा पगार त्यातच गेला एवढं म्हणते आणि पुढं जाते.

सतराव्या वर्षी मी मोठ्या बायांच्या स्पर्धा खेळायला लागली, प्रोफेशनल म्हणतात त्या. टीव्हीवर दिसतात त्या नाही हां. त्याच्या खूप खाली, एकदम तळाला, ज्या स्पर्धा असतात ना त्या. बघायला कोणी नसतं. आई असते कोणाची, बाप असतो, आणि आपला नंबर कधी येतो म्हणून बसलेल्या पोरी. तिथं आधी क्वालिफाइंग खेळायचं, म्हणजे मुख्य स्पर्धेत शिरण्यासाठीच दोन तीन मॅचा जिंकायच्या, आणि मग मुख्य स्पर्धेत एक मॅच जिंकली की एक पॉइंट. एक. आणि असे तीन वेगवेगळ्या स्पर्धांत एकेक पॉइंट झाले की दुनियेच्या यादीत तुमचं नाव लागतं. आणि तो पॉइंट टिकतो एक वर्ष. वर्ष झालं की गळून जातो. आमच्या वेळी असं होतं, आता नियम बदलले म्हणतात.

पहिला पॉइंट इंदूरला मिळाला. त्याच्या आधी किती ठिकाणी हरली ते मोजलं नाही. दुसरा औरंगाबादला, चार महिन्यांनी. आत्या प्रत्येक ठिकाणी सोबत. शाळेतून सुट्टी काढायची, पिशवीत पोळ्या, शेंगदाण्याची चटणी, स्टूल मिळालं तर स्टूलावर, नाही तर जमिनीवर, बेसलाईनच्या, म्हणजे कोर्टाच्या मागच्या लाईनच्या, बरोबर रेषेत बसायची. मॅचमध्ये काही बोलायची नाही. पण मला पाठीमागं ती आहे हे माहीत असायचं.

तिसरा पॉइंट दिल्लीला. आता ते सांगते.

क्वालिफाइंगची शेवटची मॅच होती. समोर मेरठची पोरगी, गरिमा. माझ्याच वयाची, उंच, बॅकहँड फार चांगला. मी तिला ओळखत होती, मतलब नाव माहीत होतं, दोन तीनदा कॅन्टीनमध्ये एका टेबलावर बसलो होतो. त्या मॅचांना खुर्चीवर पंच नसतो, हे तुम्हाला सांगते, कारण टीव्हीवर असतो. एक पंच चार कोर्टांवर फिरत राहतो. तुमच्या बाजूला पडलेला बॉल आत का बाहेर, ते तुम्हीच सांगायचं. तिच्या बाजूचा ती सांगणार. भरोशावर चालतं सगळं. एक सेट तिनं घेतला, एक मी. मग टायब्रेक, दहापर्यंत आणि दोनच्या फरकानं. त्यात ती नऊ, मी आठ. म्हणजे एक पॉइंट तिला मिळाला की मॅच संपली, मी घरी.

मोठी चालली ती रॅली. मग तिनं बॅकहँड मारला, लांब, माझ्या बेसलाईनवर. मी बॉलपर्यंत पोचलीच नव्हती, तो माझ्या पुढ्यातून गेला. आणि मी हात वर केला, बोट दाखवलं, म्हणाली, आउट.

तो आत होता. लाईनवर पडला होता, अर्धा लाईनवर. मी खूप वर्षं स्वतःला सांगितलं की मी नीट पाहिलं नाही, की तोंडातून आधी निघालं आणि मग डोळ्यांना समजलं. पण नाही. मी आधी पाहिला आणि मग म्हणाली.

गरिमा जाळीपर्यंत आली. पक्का? म्हणाली. एवढंच. मी म्हणाली, हां, पक्का. पंच पलीकडच्या कोर्टावर होता. सिमेंटवर बॉलचा निशाण राहत नाही, बघायला काही नव्हतं. मग गरिमानं माझ्या मागं पाहिलं. आत्याकडं. तिथं बसलेली ती एकटीच होती आणि लाईन तिच्या डोळ्यासमोर होती. प्रेक्षकांना विचारायचं नसतं, त्यांचं धरत पण नाहीत, पण माणूस बघतं ना. मी पण वळून पाहिलं. आणि आत्या पिशवीत वाकली, पाण्याची बाटली शोधत असल्यासारखी. बाटली तिच्या मांडीवरच होती.

गरिमा परत गेली. नऊ नऊ झाले. पुढचे दोन पॉइंट मी जिंकले, ते नीट जिंकले, त्यात काही नाही. हात मिळवला तिनं, डोळ्यात न बघता. दुसऱ्या दिवशी मुख्य स्पर्धेत माझ्यासमोरच्या पोरीचा खांदा दुखत होता, ती पण मॅच जिंकली मी, आणि तिसरा पॉइंट झाला.

परतीच्या गाडीत आत्या खिडकीला. ग्वाल्हेर गेलं, झाशी गेलं, भोपाळ गेलं, ती बाहेरच बघत. मी म्हणाली, आत्या, नाव लागणार आता यादीत. ती म्हणाली, हं. हा तिसराच हं होता, मी आधी कधी ऐकला नव्हता. मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. घरी आल्यावर दोन दिवसांनी म्हणाली, पुढच्या वेळी तू एकटी जा रोशनी, आता मोठी झालीस, माझी पाठ दुखते तिथं बसून. पाठ तिची काही दुखत नव्हती. शाळेत रोज तीन तास उन्हात उभी राहायची ती.

मला वाटलं, ती माझ्यावर नाराज आहे. आणि मला तिचा राग आला. मला वाटलं, सगळ्याच करतात, माझ्यासोबत पण झालं आहे, मला पण खोटे आउट दिले आहेत लोकांनी, मग माझ्याच एका बॉलसाठी एवढं काय?

इकडं शाहपुरात तर विचारूच नका. नाव यादीत आलं, हजाराच्या पुढं कुठं तरी, पण दुनियेच्या यादीत ना! बाबांच्या मित्रमंडळींनी सत्कार ठेवला. चौकात माझा फोटो लागला, मोठा, वर हिंदीत अंतरराष्ट्रीय खिलाड़ी, आणि खाली तो लावणाऱ्या लोकांचे माझ्यापेक्षा जास्त फोटो. शाल, नारळ, हार. बाबांना भाषण करायला लावलं, त्यांना दोन वाक्यं पण जमली नाहीत, नुसते हात जोडून उभे राहिले. आई रडत होती. सगळे विचारत होते, ताई कुठं आहेत, ज्यांनी शिकवलं त्या? आत्या आली नाही. निरोप पाठवला, शाळेत परीक्षा आहे. रविवार होता त्या दिवशी. रविवारी कुठली परीक्षा? बाबा मला म्हणाले, बेटा, काही झालं का तुमच्यात? मी म्हणाली, नाही, काय होणार.

त्याच्यानंतर मी एकटी फिरली. आणि एक गंमत झाली, गंमत म्हणजे हसायची नाही. माझ्या बाजूला पडलेला प्रत्येक बॉल मला आतच दिसायला लागला. चांगला चार बोटं बाहेर गेलेला बॉल, समोरची पण पुढच्या पॉइंटाला तयार होऊन गेलेली असायची, आणि मी म्हणायची, नाही, आत होता, पॉइंट तुझा. एक दोन पोरींनी तर विचारलं, तब्येत ठीक है तेरी? पण मी असं नाही म्हणणार की त्याच्यामुळं मी हरली. माझी सर्व्हिस हलकी होती. वरच्या पोरी तिच्यावर तुटून पडायच्या. खरं कारण ते, बाकी सगळं मनाचं.

मग इजिप्त. तिथं एका हॉटेलात सारख्या स्पर्धा चालतात, आठवड्यामागं आठवडा, म्हणून आमच्याकडच्या पोरी मिळून जातात. मी तीन आठवडे गेली. पहिल्यांदा विमान, पहिल्यांदा समुद्र. बाबांचा फोन यायचा. पहिला प्रश्न, केळी कशी आहेत तिथली? मी म्हणाली, लहान आहेत बाबा, पण गोड आहेत. पाणी कसं देतात विचार कोणाले, म्हणे. आता मी कोणाला विचारू हो, तिथं सगळे हॉटेलातले वेटर! पहिल्या आठवड्यात पहिल्याच मॅचमध्ये हरली, दुसऱ्या आठवड्यात पण. आणि तिसऱ्या आठवड्यात डबल्ससाठी जोडीदार पाहिजे होती, नाव द्यायला दहा मिनिटं राहिली होती, आणि मागून कोणी तरी म्हणालं, मेरे साथ खेलेगी? गरिमा.

मला नाही म्हणता आलं नाही. आम्ही पहिली मॅच जिंकली पण. ती जाळीजवळ, मी मागं, जणू रोजच्या जोडीदार. दुपारी जेवायला बसलो तेव्हा मी ताटात बघूनच बोलली. दिल्लीवाला बॉल अंदर था, म्हणाली. ती जेवत राहिली. मग म्हणाली, पता है. मैंने तेरी बुआ को देखा था ना. उन्होंने मुँह फेर लिया, तभी समझ गई थी. मी म्हणाली, सॉरी. तर ती म्हणे, मॅचचं काही नाही रोशनी, मॅच तर मी त्याच महिन्यात दुसऱ्या चार हरली. पण त्याच्यानंतर मला समोरचीचा भरोसाच येईना. कोणी पण आउट म्हणालं की मी भांडायला उठायची, पंचाला बोलवायची, पोरी माझ्यासोबत प्रॅक्टिस करेनात. हे सगळं ती हिंदीत म्हणत होती, मी आपल्या भाषेत सांगते. रडली नाही, ओरडली नाही. माफ केलं असं पण नाही म्हणाली. म्हणाली, कल सुबह नौ बजे मॅच है, टाइम पे आना.

दुसऱ्या दिवशी हरलो आम्ही. नीट हरलो.

मी परत आली, स्टेशनवरून सरळ आत्याकडं. ती दारात तांदूळ निवडत होती. मी बॅग पण खाली ठेवली नाही, उभ्या उभ्या सांगितलं, आत्या, गरिमा भेटली, मी तिला बॉलचं सांगितलं. आत्यानं विचारलं, काय म्हणाली ती? मी सगळं सांगितलं, तिनं तुझ्याकडं पाहिलं होतं ते पण. आत्यानं सूप बाजूला ठेवलं. आणि मग बोलली, एवढं लांब ती आयुष्यात माझ्याशी पहिल्यांदा बोलली असेल. म्हणे, तुले वाटलं मी तुझ्यावर रागावली. तुझ्यावरचा राग एका दिवसात गेला, पोर आहे, जिंकायचं होतं, चुकली. पण मी पोर होती का? पस्तीस वर्षं शिट्टी वाजवली मी. त्या पोरीनं माझ्याकडं पाहिलं, मी नुसती मान हलवली असती तरी तिले समजलं असतं. मी पिशवीत तोंड घातलं. माझी पोरगी जिंकू दे म्हणून घातलं. मग मी कोणत्या तोंडानं जाऊन बसू पुन्हा तिथं?

मी बॅग खाली ठेवली. दीड वर्ष मी समजत होती की ती मला शिक्षा देते आहे, आणि ती स्वतःला देत होती.

मग म्हणाली, नंबर आहे तिचा? मी लावून दिला. आत्या आतल्या खोलीत गेली, पण दार उघडंच होतं. बेटा, मैं रोशनी की बुआ बोल रही हूँ, शाळेत बोलते तसं ताठ बसून. मग एकदम हळू काही तरी बोलली, ते मला ऐकू आलं नाही आणि मी ऐकायचा प्रयत्न पण केला नाही. मग बराच वेळ नुसतं हाँ, हाँ. मग ऐकू आलं, घुटने पे बर्फ नहीं, पहले दिखा लो किसी को. म्हणजे तिच्या गुडघ्यापर्यंत गोष्ट पोचली होती! बाहेर आली, फोन दिला, म्हणाली, चांगली पोरगी आहे. जेवलीस का तू?

त्याच्यानंतर आत्या माझ्यासोबत अजून दोन स्पर्धांना आली. स्टूल घेऊन, लाईनच्या रेषेत. मी दोन्ही हरली. नाव तर यादीतून कधीच गेलं होतं, इंदूरच्या पॉइंटाला वर्ष झालं तेव्हाच. साडेचार महिने होतं, बस. तेविसाव्या वर्षी मी थांबली. कोणी थांबवलं नाही. एका सकाळी क्लबात सर्व्हिस मारत होती, आत्या समोर, आणि मी म्हणाली, आत्या, आता पुरे ना? ती म्हणाली, तुले पुरे वाटतं तर पुरे. मग आम्ही टोपलीतले बॉल संपेपर्यंत खेळलो आणि घरी आलो. लोकांना वाटतं काही मोठं दुःख झालं असेल. थोडं झालं. सकाळी जाग यायची त्याच वेळी आणि करायला काही नसायचं, त्याचं जास्त वाईट वाटायचं.

गरिमा मेरठलाच बँकेत आहे. दिवाळीला तिचा फोन येतो, माझ्याशी पाच मिनिटं आणि आत्याशी अर्धा तास.

मी पण खेळाची टीचर झाली, कोर्स करून. शहरातच शाळा आहे. आमचे हे बिजली ऑफिसात. आत्या आता आमच्याकडंच असते, पंचाहत्तर झाले, कान कमी झाले, आवाज नाही कमी झाला. टेनिस नाही शिकवत मी, शाळेत कोर्ट नाही, कबड्डी आणि खोखो शिकवते. त्यातली एखादी मोठी खेळाडू होईल का? मला नाही वाटत. न होवो. बारावीपर्यंत तरी पळत राहिल्या पाहिजेत, मग पुढं त्यांचं त्या बघतील.

आता तुम्ही बसा ताई, चहा येतो आहे. मला थोडं बाहेर जायचं. उद्या सकाळच्या गाडीनं अकरा पोरी घेऊन खंडव्याला निघायचं आहे, निवड आहे तिथं, आणि बाराव्या पोरीच्या घरून फॉर्मवर सहीच नाही झाली. आई म्हणते, उद्या पाहुणे येतात, पोरगी घरी पाहिजे. चांगली पोरगी आहे, पायात वारा आहे तिच्या. मी जाऊन बसते त्यांच्या ओट्यावर, भांडत नाही मी, नुसती बसते. अर्ध्या तासात सही मिळते, बहुतेक वेळा. नाही मिळाली तर परवा पुन्हा जाईन, दुसरी स्पर्धा येईलच. तुमच्या पोरीबाळी सुखात राहोत. आणि आत्याशी बोलायचं तर जरा मोठ्यानं बोला.